खान्देशात कॅम्परने फिरताना वीज आणि रेंज : गाडी कुठे उभी करायची, इथूनच सुरुवात

तापीतीर (जळगाव)

मंडळी, नमस्कार. कॅम्पर, म्हणजे आत झोपण्याची-राहण्याची सोय असलेली गाडी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याने फिरण्याचा बेत आखणारे अनेक जण इथे विचारणा करतात आणि त्यांचे प्रश्न फिरून दोनच असतात : विजेचे काय आणि रेंजचे काय. म्हणून दोन्हींची चर्चा एकाच धाग्यात व्हावी असे वाटले. या विषयावर इंटरनेटवर सापडणारी माहिती बहुतांशी अमेरिकेतील आहे. तिथे मुक्कामाच्या जागी गाडीसाठी स्वतंत्र विजेचा खांब असतो, त्यावर १२० व्होल्टचे ३० अँपिअरचे सॉकेट असते, म्हणजे ३६०० वॉट मिळतात, आणि मोठ्या गाड्यांसाठी ५० अँपिअरची वेगळी सोय असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले हे खरे असले, तरी शहाद्यापासून रावेरपर्यंतच्या पट्ट्यात फिरताना असा खांब मिळेल या भरवशावर निघू नये. वीज आपली आपणच आणायची आहे असे धरून चालावे.

माझे म्हणणे असे की, इथे बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा गाडी कुठे उभी केली याने अधिक फरक पडतो. ते पटण्यासाठी आधी खर्चाचा हिशेब मांडतो. दोघांचा प्रवास, त्यात एक जण लॅपटॉपवर काम करणारा, असे धरले तर मे महिन्यात १२ व्होल्टचा चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाकाठी सुमारे ६०० वॉट-तास खातो, कारण बाहेर ४४-४५ अंश असताना त्याला उसंत मिळत नाही. लॅपटॉपचे २५०, राउटरचे १३०, रात्रभर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या पंख्याचे २५०, दोन फोन आणि दिवे मिळून ९०, अशी बेरीज १३०० च्या थोडी वर जाते. डिसेंबरात पंखा बंद असतो आणि फ्रीजचा खर्च निम्म्यावर येतो, त्यामुळे तीच बेरीज ८०० च्या आत राहते.

आता आवक पाहू. छतावर २०० वॉटचे दोन पॅनेल सपाट बसवले, तर मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीत साधारण १४०० वॉट-तास जमा होतात. कागदावर हिशेब जमतो. पण मे महिन्यात भुसावळकडच्या उन्हात गाडी दिवसभर उघड्यावर ठेवली, तर आत माणूस बसू शकत नाही, फ्रीज दुप्पट चालतो आणि बॅटरी तापते. गाडी कडुनिंबाखाली घेतली की आत बसवते, पण पॅनेल झोपतात. त्यांना झोपवायला झाडाची विरळ सावलीसुद्धा पुरेशी असते, कारण पॅनेलमधील सेल एकामागून एक जोडलेले असतात आणि एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी त्या ओळीचा प्रवाह अडतो. त्यामुळे छतावर एकच २०० वॉटचे पॅनेल आणि दुसरे घडीचे, दहा मीटर वायरसह, अशी रचना खान्देशाला अधिक मानवते. गाडी चिंचेखाली आणि पॅनेल बांधावर उन्हात. घडीचे पॅनेल सूर्याकडे कलते करता येते हा हिवाळ्यातील वेगळाच फायदा. आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि सपाट पॅनेलवर ऊन तिरपे पडते.

रेंजचेही तसेच आहे. सातपुड्याच्या पहिल्या रांगेच्या दक्षिण उतारावर, जिथून खाली तापीचे खोरे दिसते, तिथे गाडी उभी केली तर शहादा, चोपडा, यावल या बाजूच्या मैदानातील टॉवर समोर असतात. तीच रांग ओलांडून पलीकडच्या दरीत उतरले की अंतर फार वाढलेले नसतानाही फोन मुका होतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तीन बाजूंनी डोंगर आहेत; तिथे ऊन उशिरा येते, लवकर जाते, आणि रेंजलाही तीच अडचण. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना मी एकाच फेरीत तीन गोष्टी पाहतो : सकाळचे ऊन कुठून येणार, दुपारची सावली कुठे पडणार आणि मैदान कोणत्या बाजूला उघडे आहे.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

सोलरमिस्त्री (धुळे)

चांगला विषय. दोन गोष्टी जोडतो, कारण माझे पोट याच कामावर आहे.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत छतावरील सेल ७० अंशांपर्यंत सहज जातो आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते, म्हणजे सोळा टक्क्यांच्या आसपास घट तिथेच झाली. त्यातही छताला चिकटवायचे लवचिक पॅनेल घेतले, तर खालून वारा फिरत नाही आणि ते आणखी तापते. दिसायला देखणे असते म्हणून लोक तेच मागतात. मी ॲल्युमिनियमच्या चौकटीचे पॅनेल छतापासून दोन इंच वर बसवतो. खालून हवा खेळते आणि पॅनेलची सावली छतावर पडल्याने गाडीही थोडी थंड राहते. मोठ्या प्रकल्पांनाही उन्हाची ही खोट चुकत नाही. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, त्यालाही सूर्य हवा असतो आणि उष्णता नको असते. धुळीचे म्हणाल, तर काळ्या मातीच्या रस्त्यावरून दिवसभर आल्यावर पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येते. ते पहाटे धुवावे. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये.

दुसरी गोष्ट बॅटरीची. आता लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजे बाजारात जिला एलएफपी म्हणतात, तीच घ्यावी. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी २५६० वॉट-तास साठवते आणि त्यातील बहुतेक वीज वापरता येते. ट्युब्युलर बॅटरी निम्म्यावर आली की थांबावे लागते आणि वजन कंबर मोडते. मात्र एलएफपीला चार्जिंगच्या वेळी साधारण ४५ अंशांची मर्यादा असते. त्यापुढे तिच्यातील नियंत्रक चार्जिंग तोडतो, आणि ग्राहक मला फोन करून सांगतो की बॅटरी खराब निघाली. बॅटरी खराब नसते, तिची जागा चुकलेली असते. ती बॉनेटमध्ये नको, मागच्या दाराजवळ उन्हाच्या बाजूला नको. गाडीच्या फरशीवर मध्यभागी, सीटच्या खाली, हवा जायला दोन जाळ्या ठेवून बसवावी.

धावत्या गाडीवर चार्ज करायचे असल्यास अल्टरनेटरपासून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून, सरळ वायर ओढू नये. लिथियम बॅटरी रिकामी असताना जेवढा मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि गाडी जागेवर उभी राहून इंजिन चालू असेल, तर अल्टरनेटर तापून जळतो. नव्या बीएस-६ गाड्यांमध्ये तर अनेकदा अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडीचा संगणक वरखाली करतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरकडून ठरावीक प्रवाहच घेऊन बॅटरीला देणारा चार्जर, बसवावाच. तीस अँपिअरचा चार्जर तासाला ३९० वॉट-तास देतो, म्हणजे धुळ्याहून सुरत रस्त्याने कोंडाईबारी घाट उतरेपर्यंत दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा वसूल झालेला असतो. पावसाळ्यात हाच खरा आधार, कारण ढगाळ दिवशी ४०० वॉटचे पॅनेल ६०० वॉट-तासांच्या पुढे जाईलच असे नाही.

केळीबाग (रावेर)

माहिती उपयुक्त आहे. माझा प्रश्न सरळ आहे. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंती तापलेल्या असतात. कॅम्परमध्ये रात्रभर एसी चालवण्यासाठी किती बॅटरी लागेल?

सोलरमिस्त्री (धुळे)

भाऊ, लहानातला लहान इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॉट धरला, तरी आठ तासांचे ४८०० वॉट-तास होतात. म्हणजे वर सांगितलेल्या जवळपास दोन बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी भरायला तेराशे-चौदाशे वॉटचे पॅनेल, तेही पूर्ण उन्हात. पैसे असतील तर करून देतो, पण सुचवणार नाही.

खान्देशचा उन्हाळा कोरडा आहे, हे आपले नशीब. कोकणात किंवा मुंबईत कूलर घामच वाढवतो; जळगाव-भुसावळला तो काम करतो, आणि म्हणूनच आपल्याकडे घरोघरी खिडकीला कूलर दिसतो. १२ व्होल्टचा लहान कूलर पंपासह ५० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रीचे ४०० वॉट-तास. त्याला पाणी बरेच लागते, तेव्हा पाण्याची टाकी मोठी ठेवावी, आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. बंद गाडीत कूलर लावला तर तासाभरात दमट कोंदट होते. मृग लागला की हा उपाय संपतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो.

सातपुड्याची_लेक (शहादा)

मी सॉफ्टवेअरचे काम करते आणि महिन्यातील काही दिवस गाडीतूनच करते, त्यामुळे रेंजविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पहिले म्हणजे फोनवरच्या दांड्या पाहून निर्णय घेऊ नये. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली, तर सिग्नल आकड्यात दिसतो. तो उणे असतो. उणे ८०-९० असेल तर व्हिडिओ बैठकसुद्धा निभावते, उणे ११० ला मेल जातो आणि बैठक अडखळते, उणे १२० ला गाडी पुढे घ्यावी. गाडी उभी करण्यापूर्वी फोन हातात घेऊन शंभर पावले चालावे. तोरणमाळला यशवंत तलावाच्या परिसरात मी हे नेहमी करते आणि थोड्या पावलांत आकडा दहा-पंधराने बदलताना पाहते. उंचवट्याची कड मिळाली तर उत्तम, कारण तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर असले तरी पठाराच्या खोलगट भागात त्या उंचीचा उपयोग होत नाही.

दुसरे म्हणजे फोन फोरजीवर स्थिर ठेवावा. फाइव्हजीचा मुख्य पट्टा (फ्रिक्वेन्सी बँड) ३३०० मेगाहर्ट्झचा आहे; तो शहरात वेगवान असतो, पण डोंगरात लांब पोहोचत नाही. फोन मात्र त्याच्या शोधात राहून बॅटरी संपवतो. लांबवर पोहोचतात ते ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे. जिओचा ८५०, एअरटेलचा ९०० आणि बीएसएनएलच्या फोरजीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा या कामाचा आहे. चांगल्या सिम राउटरमध्ये, म्हणजे सिम घालून वाय-फाय देणाऱ्या पेटीत, एकच पट्टा पक्का करण्याची सोय असते. कधी कधी वेगवान पट्टा सोडून हळू पण स्थिर पट्टा धरला की काम सुरळीत होते. इथे रेंज आणि वीज यांचा संबंधही लक्षात घ्यावा : सिग्नल क्षीण असला की फोन जास्त ताकदीने बोलतो आणि बॅटरी लवकर उतरते. घरी दिवसभर पुरणारा फोन धडगावच्या रस्त्यावर दुपारीच धापा टाकतो, त्यात फोनचा दोष नसतो.

तिसरे, गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे. राउटर कपाटात ठेवला की अर्धा सिग्नल तिथेच गेला. छतावर किंवा घडीच्या काठीवर दोन तोंडी बाह्य अँटेना लावून ती राउटरला जोडावी. वायर मात्र आखूड ठेवावी. बारीक वायर मीटरमागे बऱ्यापैकी सिग्नल गिळते. दहा मीटर वायर घालून उंच नेलेल्या अँटेनाची कमाई वाटेतच संपते. राउटर अँटेनाच्या जवळ आणि लांब वायर विजेची, हा क्रम योग्य.

दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत, त्यांतील एक बीएसएनएलचे असल्यास बरे. ज्या गावांत मुळीच सेवा नव्हती तिथे फोरजी नेण्याच्या योजनेला केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात २४,६८० गावे धरली होती आणि काम बीएसएनएलकडे होते. शिवाय जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचे फोरजी वापरण्याची मुभा मिळाली आहे. दुर्गम भागात हे खरेच महत्त्वाचे आहे. कोणताही टॉवर दिसत असेल, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसतानाही लागू शकतो, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

प्रवासी_पुणे

ताई, इतके सगळे करण्यापेक्षा सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवला तर काम सोपे होणार नाही का? परदेशातील चित्रफितींत प्रत्येक गाडीवर तो दिसतो.

सातपुड्याची_लेक (शहादा)

अमेरिकेत नोंदणी करून तो वापरता येतो. भारतात खासगी व्यक्तीने मोबाइल बूस्टर बसवणे बेकायदेशीर आहे, कारण तो कंपनीच्या परवान्याच्या लहरींत स्वतः प्रक्षेपण करतो आणि आजूबाजूच्या ग्राहकांचे फोन बिघडवतो. ऑनलाइन दुकानांत तो उघड विकला जातो, पण त्याने तो कायदेशीर होत नाही. मी सांगितलेली अँटेना स्वतः काही वाढवत नाही, ती फक्त राउटरचे कान उंचावर नेते, म्हणून तिला ही अडचण येत नाही. उपग्रह फोनचेही तसेच आहे. परवान्याशिवाय तो बाळगणे महागात पडते, तेव्हा परदेशातील नातेवाइकांनी ‘सुरक्षेसाठी’ भेट दिलेले असे उपकरण सोबत घेऊ नये.

परदेशस्थ_अमळनेरकर

मी टेक्सासमध्ये असतो आणि इथे आमची आरव्ही, म्हणजे कॅम्परसारखीच राहण्याची गाडी आहे. इथल्या बऱ्याच प्रवाशांनी आता छतावर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी थाळी बसवली आहे. लहान थाळी २५ ते ४० वॉट घेते, मोठी ७५ ते १०० वॉट. मोठी दिवसभर चालू ठेवली तर फ्रीजपेक्षाही जास्त वीज खाते, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. जून २०२५ मध्ये कंपनीला भारतात परवाना मिळाल्याचे वाचले. मी सुट्टीत येताना माझी थाळी आणावी का?

तापीतीर (जळगाव)

आणू नये. कंपनीला मिळालेला परवाना म्हणजे आपल्या बॅगेतील अमेरिकी उपकरणाला मिळालेली परवानगी नव्हे. परवान्याशिवाय असे उपकरण विमानतळावर सापडले तर सुट्टीचा पहिला आठवडा कुठे जाईल, हे सांगण्याची गरज नाही. त्याऐवजी उत्तम १२ व्होल्टचे पंखे घेऊन या, ते तिकडे चांगले मिळतात. अमळनेरला भरीत-भाकरीची सोय आमच्याकडे.

नाना_वायरमन (भुसावळ)

मी वीज खात्यातून निवृत्त आहे. तुम्ही सगळे बॅटरीचे बोलता आहात, पण खरी जोखीम ढाब्यावरच्या बोर्डात आहे, आणि त्याविषयी कोणी बोललेले नाही.

अमेरिकेतील ३० अँपिअरच्या खांबावर ३६०० वॉट मिळतात असे वर लिहिले आहे. आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टने जवळपास तेवढेच, ३६८० वॉट, मिळतात. अडचण अशी की ढाब्याच्या मालकाने दाखवलेले सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते, त्यामागची वायर कूलर, फ्रीज आणि दोन ट्यूबलाइट यांच्यात वाटलेली असते, आणि तिसऱ्या भोकात अर्थिंग असेलच याची खात्री नसते. पत्र्याच्या गाडीला अर्थिंग नसलेला पुरवठा जोडला आणि आत कुठे वायर घासली गेली, तर दाराच्या कडीला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असताना तर विचारूच नका. म्हणून बाहेरचा पुरवठा घेताना सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असलेली पेटी ठेवावी, सॉकेटची अर्थिंग साध्या टेस्ट प्लगने तपासावी आणि वायर २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) घ्यावी. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडूनच भार टाकावा. गुंडाळलेली वायर आतून तापते आणि वितळते.

मला विचाराल, तर ढाब्याची वीज फक्त बॅटरीच्या चार्जरला द्यावी, थेट उपकरणांना देऊ नये. ग्रामीण भागात संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की व्होल्टेज १८० पर्यंत उतरू शकतो. बहुतेक चार्जर ते सहन करतात, फ्रीजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर करत नाही. आणि शेतात मुक्काम केला असेल तर शेतकऱ्याला आधी विचारावे की वीज कोणत्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या कोणत्या वाहिनीची. शेतीपंपाच्या फीडरला आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री ठरावीक तासच वीज असते; गावठाणाचा फीडर वेगळा असतो. पंपाच्या पेटीवर आकडे टाकून गाडी चार्ज करण्याचा विचारही करू नये. शेतकऱ्याने होकार दिला तरी नाही.

आणखी एक. वादळी पावसात गावाची वीज काही तास गेली की टॉवरची बॅटरीही संपते आणि रेंज जाते. तुमच्या गाडीत वीज भरपूर आहे आणि तरी फोन लागत नाही, असे तेव्हा होते. अशा वेळी राउटर उघडझाप करत बसू नये. वळवाचा पाऊस दिसू लागला की जे पाठवायचे ते आधी पाठवून मोकळे व्हावे.

सोलरमिस्त्री (धुळे)

नानांच्या प्रत्येक वाक्याखाली माझी सही समजावी. पेट्रोल जनरेटरचाही विषय निघेल म्हणून आताच सांगतो : तो गाडीत, गाडीखाली किंवा उघड्या खिडकीजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यावल किंवा गौताळा अभयारण्याच्या परिसरात तर तो सोबतच नेऊ नये; तिथे मुक्कामाची परवानगीच वन विभागाकडून घ्यावी लागते.

प्रवासी_पुणे

आम्ही कुटुंबासह डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहायला यायचे म्हणतो. गाडी भाड्याची असेल, त्यात सौर पॅनेल नाही, आणि छताला भोके पाडता येणार नाहीत. पत्नीला रोज तीन-चार तास ऑनलाइन काम आहे. तिथून पुढे प्रकाशा आणि जमल्यास तोरणमाळ. काय तयारी करावी?

सातपुड्याची_लेक (शहादा)

डिसेंबर निवडला हे उत्तम केले. हवा थंड असल्याने पॅनेल कागदावरच्या आकड्याच्या जवळ काम करते, पंखा लागत नाही आणि आकाश स्वच्छ असते. भाड्याच्या गाडीसाठी एक किलोवॉट-तासाचे उचलून नेण्याजोगे पॉवर स्टेशन आणि २०० वॉटचे घडीचे पॅनेल पुरेसे आहे. लॅपटॉप २३० व्होल्टच्या प्लगवर लावण्याऐवजी पॉवर स्टेशनच्या टाइप-सी सॉकेटला थेट लावावा, म्हणजे आधी १२ चे २३० आणि मग २३० चे पुन्हा २० व्होल्ट करण्यात जाणारी दहा-पंधरा टक्के वीज वाचते.

यात्रेच्या गर्दीत मात्र वेगळी गंमत होते. फोनवर पूर्ण दांड्या दिसतात आणि पान उघडत नाही, कारण सिग्नल भरपूर असला तरी एका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात. तिथे अँटेना, राउटर, कशाचाच उपयोग नाही. बैठकीच्या वेळेपुरते यात्रेपासून काही किलोमीटर दूर, तापीच्या पलीकडे किंवा शहाद्याच्या दिशेने यावे. टॉवर बदलला की काम सुरू होते. पहाटेची वेळ त्याहून चांगली. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत. आणि रोख रक्कम जवळ असू द्यावी, कारण यात्रेत भजीवाल्याचा क्यूआर कोड असतो, पण पैसे ‘प्रक्रियेत’ अडकून राहतात आणि मागे रांग वाढते.

तोरणमाळच्या घाटात रेंज येत-जात राहते, तेव्हा बैठक उरकूनच शहादा सोडावे.

तापीतीर (जळगाव)

पॉवर स्टेशनविषयी एवढेच जोडतो की, ते बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नये. डिसेंबरच्या उन्हातही काचेआड चांगलेच तापते. आणि पॅनेल उन्हात पसरून सगळे जण यात्रेत गेलात, तर परतल्यावर पॅनेल तिथेच असेल याची हमी सारंगखेड्यात मी देणार नाही. आळीपाळीने कोणी तरी गाडीपाशी थांबावे. वडीलधारे सोबत असतील तर ते काम त्यांच्या आवडीचे असते.

केळीबाग (रावेर)

मिस्त्रीभाऊ, कूलरचा सल्ला पटला आणि मागच्या भागात बॅटरी बसवून घेण्याचे ठरवतो आहे. आमची जुनी जीप आहे. डीसी-टू-डीसी चार्जर ३० अँपिअरचा, इंजिनपासून बॅटरीपर्यंत वायर साडेचार मीटर होईल. दुकानदार ४ स्क्वेअरची वायर पुरेल म्हणतो. आणि आरटीओचे काही करावे लागते का?

सोलरमिस्त्री (धुळे)

चार स्क्वेअरची वायर तीस अँपिअर वाहून नेईल, जळणार नाही. पण १२ व्होल्टवर येण्या-जाण्याच्या मिळून नऊ मीटरमध्ये एक व्होल्टच्या वर गळती होईल आणि चार्जर सतत कमी व्होल्टेजची तक्रार करेल. दहा स्क्वेअरची तांब्याची, बारीक तारांची वायर घ्या, गळती अर्धा व्होल्टच्या आत राहील. फ्यूज ४० अँपिअरचा, दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून एक वीत अंतराच्या आत. एकच फ्यूज मध्यभागी बसवणारे अनेक जण भेटतात, पण वायर कुठेही पत्र्याला घासली तरी प्रवाह दोन्ही बॅटऱ्यांकडून येतो, आणि फ्यूजच्या अलीकडचा तुकडा उघडाच राहतो. वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आणताना भोकाला रबरी बूच हवे. जुन्या जीपचा पत्रा ब्लेडसारखा असतो.

आरटीओचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सीटखाली ठेवलेली बॅटरी ही एक गोष्ट, सीट काढून पलंग आणि ओटा बसवणे ही दुसरी. दुसरे करणार असाल तर काम सुरू करण्यापूर्वी जळगावच्या कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

केळीबाग (रावेर)

सीट तशाच ठेवतो. दहा स्क्वेअरची वायर आणि दोन फ्यूज लिहून घेतले.

नाना_वायरमन (भुसावळ)

लग्ज, म्हणजे वायरीच्या टोकांना बसवायच्या धातूच्या टोप्या, मात्र दाबयंत्राने दाबून घ्या, पक्कडीने ठोकून नको. आणि पहिल्यांदा तीस अँपिअर चालू केल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाला हाताची पाठ लावून पाहा. जो जोड गरम लागेल तो उघडून पुन्हा करायचा.